साइडकारच्या चाकाला ड्राइव्ह मिळाला आणि साइडकारच संपली, असं का झालं?

वंगणवाला

जुन्या मोटरसायकलींचं वेड असलेल्या सगळ्यांना नमस्कार. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, तो इथे मांडतो.

१९४१ मध्ये जर्मन फौजेत दोन गाड्या दाखल झाल्या: बीएमडब्ल्यू आर ७५ आणि झुंडाप केएस ७५०. साइडकार त्याआधीही बहुतेक फौजांकडे होती, पण तिचं चाक नुसतं सोबत फिरायचं, ओढायचं काम मागच्या एकट्या चाकाचं. या दोन गाड्यांत साइडकारच्या चाकालाही इंजिनाचा जोर मिळाला. मध्ये डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटून देणारी गिअरची जोडणी), ते लॉक करायची सोय, रस्त्याचे गिअर वेगळे आणि रानातले वेगळे, वर रिव्हर्स. मागच्या आणि साइडकारच्या चाकाला हायड्रॉलिक ब्रेक. तिन्ही चाकं सारखी, म्हणजे स्टेपनी कुठेही बसवा.

फौजेने मागितलं काय होतं तेही बघा. तीन शिपाई सामानासकट बसले पाहिजेत. हमरस्त्यावर ताशी ८० किमीने सलग पळाली पाहिजे. आणि पायी चालणाऱ्या पलटणीबरोबर ताशी ४ किमीने रांगताना इंजिन तापता कामा नये. एअरकूल्ड इंजिनाकडून हे शेवटचं मागणं म्हणजे काय, हे जूनच्या उन्हात घाटात अडकलेल्या कोणालाही कळेल. दोन्ही कंपन्यांनी २६ अश्वशक्तीत ते करून दाखवलं.

आणि मग? आर ७५ साधारण साडेसोळा हजार बनल्या, केएस ७५० साडेअठरा हजारांच्या आसपास. युद्ध संपेपर्यंत हा प्रकारच मोडीत निघाला. त्यानंतर कुठल्याही मोठ्या फौजेने इतकी पुढारलेली साइडकार नव्याने घडवली नाही.

"जीप आली म्हणून" हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं. माझं त्याने समाधान होत नाही, कारण जर्मनांकडे जीप नव्हती. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

चकलीबहाद्दर

वाचनखूण साठवली. चहा टाकलाय, लिहा सावकाश.

दफ्तरदार

उत्तर शोधायचं तर १९१४ पासून यावं लागेल.

ब्रिटिशांनी त्या वर्षी मोटर मशीनगन सर्व्हिस नावाची शाखा काढली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या क्लायनो कंपनीची व्ही-ट्विन मोटरसायकल आणि साइडकारवर व्हिकर्स मशीनगन. एका बॅटरीत, म्हणजे तुकडीत, सहा मशीनगन, पण साइडकारच्या गाड्या अठरा: काहींवर मशीनगन, काहींवर दारूगोळा, काही राखीव. व्हिकर्स पाण्यावर थंड होणारी, तिचा ट्रायपॉड वेगळा, पट्ट्यांच्या पेट्या वेगळ्या. एवढं ओझं एका गाडीवर मावतच नव्हतं.

भरतीसुद्धा मजेशीर. मोटरसायकलच्या साप्ताहिकाच्या संपादकाने, जेफ्री स्मिथने, वाचकांतून शौकीन पोरं गोळा केली. स्वतःची गाडी खोलून जोडता येणारे शिपाई फौजेला आयते मिळाले.

पण ही पोरं फ्रान्सला पोचेपर्यंत खंदक खणून झाले होते. समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत तारा आणि चिखल. वेगाने पुढे जाऊन मशीनगन लावायची ही कल्पना, पण पुढे जायला जागाच नाही. बऱ्याच बॅटऱ्या नुसत्या बसून राहिल्या. मग १९१६ मध्ये गुप्तपणे रणगाड्यांची तुकडी उभी राहिली, तेव्हा यंत्र कळणारी माणसं हवी होती, आणि ती याच शाखेतून उचलली. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्लेर-कूर्सलेतला जे पहिले रणगाडे निघाले, त्यांच्या पोटात बसलेले बरेच जण मूळचे मोटरसायकलवाले होते.

आपल्याकडचा धागाही आहे. २२ वी बॅटरी हिंदुस्थानात आली होती. १९१७ ला वझिरिस्तान आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात सरहद्दीवर होती.

तेव्हा वंगणवाला, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. साइडकारला मोकळा मुलूख आणि बरा रस्ता लागतो. युद्ध चालतं आहे तोवर तिची किंमत, थबकलं की ती अडगळ.

रानवाट

दफ्तरदार, जबरदस्त! रणगाड्यांचा हा मोटरसायकलशी संबंध कुठेच वाचला नव्हता.

अमेरिकेचं पण लिहा की. १९१६ मध्ये मेक्सिकन बंडखोर पांचो व्हियाच्या मागे जनरल पर्शिंग मेक्सिकोत घुसला, तेव्हा त्याच्याबरोबर मशीनगन बसवलेल्या साइडकारच्या हार्ले होत्या. तिथे खंदक नव्हते, वाळवंट होतं.

पानाघाट_गॅरेज

कोल्हापुरातनं लिहितोय. माझं गॅरेज आहे, बुलेट आणि जुन्या जावा बघतो. डिफरन्शियलबद्दल बोलतो, बाकी इतिहास तुमचा तुम्ही बघा.

साइडकारची गाडी म्हणजे तीन चाकांची असूनही रिक्षा नव्हे. रिक्षाचं वजन मधोमध असतं. इथं इंजिन, टाकी, चालवणारा, मागं बसणारा, सगळा भार मोटरसायकलच्या बाजूला. आता मागचं चाक आणि साइडकारचं चाक दोघांना सारखा जोर दिला तर काय होईल? साइडकारची बाजू हलकी, ती पुढं पळणार आणि गाडी आडवी व्हायला बघणार. म्हणून या जर्मन गाड्यांत डिफरन्शियल दोन्हीकडं सारखं वाटत नाही. साधारण ७० टक्के मागच्या चाकाला, ३० टक्के साइडकारला. एका बाजूला दांडगा बैल आणि दुसऱ्या बाजूला खोंड जुंपला तर शेतकरी जोखडाचा खुंटा सरकवून घेतो, तसलं हे गणित आहे राव. आणि हे दात कापून पेटीत बसवलंय. १९४१ ला!

लॉकचं काम वेगळं. एक चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं की साधं डिफरन्शियल सगळा जोर त्याच फिरत्या चाकाला देऊन बसतं. लॉक टाकला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात, घट्ट जमिनीवरचं चाक गाडी बाहेर काढतं. पण लॉक टाकून डांबरी रस्त्यावर वळवायला जाऊ नका, हँडल वळतंय आणि गाडी सरळ जातीय असं होईल.

शंकासुर

माहिती छान, पण आर ७५ च्या डोक्यावर सगळे मुकुट ठेवू नका. बेल्जियमच्या एफएन कंपनीची एम १२ आधीची आहे. ९९२ सीसी, साइडकारच्या चाकाला ड्राइव्ह, रानातले गिअर, रिव्हर्स, सगळं १९४० च्या आत. हजारावर बनल्या होत्या. मे १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतला आणि तो कारखानाच गेला. फ्रेंचांच्या नोम-रोन एएक्स २ लाही साइडकारचं चाक चालतं होतं.

आणि ब्रिटिशांची नॉर्टन बिग फोर. ६३३ सीसी, एकच सिलिंडर. त्यांनी डिफरन्शियलची भानगडच ठेवली नाही. साइडकारच्या चाकाकडे एक आडवा दांडा आणि मध्ये डॉग क्लच, म्हणजे दातांनी अडकणारा खटका. चिखल आला की खटका टाकायचा, चिखल संपला की काढायचा. सुमारे ४,७०० बनल्या. ब्रेन गन किंवा ३ इंची उखळी तोफ घेऊन फिरायच्या.

पानाघाट_गॅरेज

@शंकासुर, डॉग क्लचवाली कल्पना मला जास्त आवडली. दुरुस्त करायला काय लागतं त्यात? खटका झिजला तर वेल्डिंग भरून घासून बसवता येईल. ७०-३० वाल्या डिफरन्शियलचा दात तुटला तर रणांगणावर कुठनं आणणार?

शनिवारपेठी

आमच्याकडे पुण्यात स्कूटरला साइडकार होती, ऐंशीच्या दशकात. बाबा चालवायचे, आई मागे, आजी साइडकारमध्ये आणि तिच्या पायाशी मी. पावसात वरचं ताडपत्रीचं झाकण ओढलं की आत रॉकेल आणि ओल्या कापडाचा वास. पुढे कॉलेजात असताना मीही ती चालवली.

ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती मोटरसायकलसारखी झुकत नाही, त्यामुळे दुचाकीची सगळी सवय आधी विसरावी लागते. आपल्याकडे साइडकार डावीकडे. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की गाडी डावीकडे ओढते, कारण साइडकार मागे राहू बघते. ब्रेक मारला की उजवीकडे, कारण साइडकारच्या चाकाला ब्रेक नसतो आणि ती पुढे सरकू बघते. डावं वळण जोरात घेतलं तर साइडकार चक्क उचलली जाते. आजी बसलेली असली की उचलायची नाही, रिकामी असली की हमखास. म्हणून बाबा रिकाम्या साइडकारमध्ये गव्हाचं पोतं ठेवायचे.

आता विचार करा, हे सगळं अंधारात, दिवे झाकून, गोळीबारात, विशीतल्या पोराने करायचं. त्या चालकांचं मला फार कौतुक वाटतं. इंजिनांवर खूप लिहिलं जातं, हँडलवरच्या हातांवर कोणी लिहीत नाही.

चकलीबहाद्दर

@शनिवारपेठी, तुमच्या आजीला एक एमजी ३४ दिली असती तर लक्ष्मी रोडवर पार्किंगची काय बिशाद होती!

शनिवारपेठी

😄 आजीला मशीनगनची गरज नव्हती. ट्रॅफिक हवालदार तिच्या नजरेनेच बाजूला व्हायचा.

म्युनिकचा_मुरलीधर

इथे जर्मनीत जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात केएस ७५० जवळून बघितली आहे, त्याचं थोडं वर्णन.

बीएमडब्ल्यूचे सिलिंडर अगदी आडवे, दोन्ही बाजूला सरळ रेषेत. झुंडापचे किंचित वर उचललेले, दोघांमधला कोन १८० ऐवजी १७० अंश. फरक पाच-पाच अंशांचाच, पण खाली वाकून बघितलं की कळतं, दगडधोंड्यांतून जाताना सिलिंडरची टोपणं तेवढीच वाचतात. पुढचा काटा झुंडापचा गर्डर पद्धतीचा, बीएमडब्ल्यूचा टेलिस्कोपिक.

टाकीच्या उजव्या अंगाला गिअरचे दांडे. पायानेही गिअर पडतो आणि हातानेही. मालकाने सांगितलं की रशियातल्या गाड्यांना एक्झॉस्टची गरम हवा नळीतून पायांकडे आणि साइडकारमधल्या माणसाकडे नेणारी जोडणी असायची.

आर ७५ वर टाकीच्या वर एक लोखंडी टोप दिसतो, तो एअर फिल्टर. आधीच्या गाड्यांत फिल्टर खाली गिअरबॉक्सपाशी होता. आफ्रिकेची वाळू आणि रशियाची उन्हाळी धूळ तिथे थेट घुसायची, आणि पिस्टन-सिलिंडर काही दिवसांत खलास. मग फिल्टर उचलून टाकीवर नेला. ही लहानशी दुरुस्ती मला त्या डिफरन्शियलइतकीच मोलाची वाटते, कारण ती मैदानातून परत आलेल्या तक्रारीतून झाली.

दफ्तरदार

मुरलीधर, सुंदर. आता वापराबद्दल, कारण तिथे एक गैरसमज पक्का बसलाय.

चित्रांत दिसतं की साइडकारमधला शिपाई धावत्या गाडीतून मशीनगन झाडत चाललाय. प्रत्यक्षात जर्मन मोटरसायकल पलटणी, म्हणजे क्राडशुट्झन, लढायच्या पायउतार होऊन. गाडी पोचवण्यापुरती. आडोशापर्यंत भरधाव जायचं, गाड्या मागे ठेवायच्या, मशीनगन काढून जमिनीवर लावायची. खड्ड्यातून उसळणाऱ्या साइडकारमधून नेम धरता येत नाही, आणि समोर रायफल घेतलेला एकच माणूस असला तरी चालकाला आडोसा शून्य. १९३९ ते ४१ मध्ये प्रत्येक पँझर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजनबरोबर अशी एक पलटण असायची. पोलंड, फ्रान्स इथे रस्ते बरे, अंतरं बेताची, तिथे हे जमून गेलं.

बेलग्रेडचंही तसंच. १२ एप्रिल १९४१ ला एसएसच्या मोटरसायकल तुकडीचा कप्तान क्लिंगेनबर्ग मूठभर माणसं घेऊन शहरात शिरला आणि शहर पदरात पडलं. "मोटरसायकलवर जिंकलेली राजधानी" म्हणून ही गोष्ट सांगतात. पण डॅन्यूब त्यांनी मोटरबोटीने ओलांडली, मोटरसायकली पलीकडच्या काठावरच राहिल्या. आणि त्याआधी सहा तारखेपासून त्या शहरावर बॉम्ब पडून हजारो माणसं मेली होती, तो भाग सांगणारे गाळतात.

अबोली_पणजी

दफ्तरदारांनी शेवटचं वाक्य लिहिलं ते बरं केलं. मलाही हेच म्हणायचं होतं. या गाड्या सुंदर आहेत, मान्य. पण त्याच काळात बीएमडब्ल्यूच्या अलाख कारखान्यात डाखाउ छळछावणीचे कैदी विमानांच्या इंजिनांवर राबवले जात होते. कंपनीने पुढे ते जाहीरपणे मान्य केलंय. धाग्यात एवढं तरी नोंदलेलं असावं.

वंगणवाला

@अबोली_पणजी, मनापासून आभार. हे इथे असायलाच हवं होतं.

सरहद्द_एक्सप्रेस

मुख्य प्रश्नाकडे. जर्मनांकडे जीप नव्हती, पण कुबेलवागन होती. सुमारे ५०,००० बनल्या. चार माणसं, डोक्यावर कापडी छप्पर, पुढे काच. आणि १९४२ पासून श्विमवागन, जी नदीत तरंगायची. आता आर ७५ चं सामान मोजा: डिफरन्शियल, आठ-दहा गिअरची पेटी, हायड्रॉलिक ब्रेक. मोटारीचे सगळे अवयव, रिकामं वजन ४२० किलो, आणि बसणार तिघं, तेही उघड्यावर. मग मोटारच का बनवू नये?

रशियाने निकाल लावला. १९४१ च्या शरदात पाऊस सुरू झाला तसे कच्चे रस्ते गुडघाभर राडीत गेले. मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिखल भरून चाक जाम. साइडकारच्या चाकाला ड्राइव्ह असलेल्या गाड्या तोवर मोजक्याच, बाकी आर १२ सारख्या साध्या. मग थंडी. उणे तीसमध्ये उघड्या गाडीवर बसलेला शिपाई पोचेपर्यंतच निकामी. १९४२-४३ मध्ये मोटरसायकल पलटणी टेहळणी पलटणींत मिसळल्या आणि गाड्यांच्या जागी चिलखती गाड्या, श्विमवागन आल्या.

जीप मित्रराष्ट्रांच्या बाजूला कारण झाली, साडेसहा लाखांच्या आसपास बनल्यावर होणारच. नॉर्टन बिग फोर तिच्यामुळेच मागे पडली. पण दोन्हीकडे मूळ कारण एकच: साइडकार सुधारत सुधारत मोटारीच्या इतकी जवळ गेली की मोटारीशीच तिची तुलना व्हायला लागली.

शंकासुर

पटलं नाही. एक मोठी फौज तुम्ही विसरलात. सोव्हिएत रशियाने साइडकार युद्धभर वापरली, युद्धानंतर दशकानुदशकं वापरली, आणि त्यांच्या एम ७२ मध्ये साइडकारच्या चाकाला ड्राइव्ह नव्हताच. राडीतून, बर्फातून, त्याच मुलखात. तेव्हा "चिखलाने मारलं" हे अर्धसत्य आहे.

मॉस्को_मेल

शंकासुरांनी माझ्या आवडीच्या विषयाला हात घातला. एम ७२ ची कथा तर लिहिलीच पाहिजे.

मूळ गाडी बीएमडब्ल्यू आर ७१. १९३८ ची, ७४६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, साधी, शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे चाकाकडे साखळीऐवजी दांडा. सोव्हिएत कंपनीची स्वतःची कथा अशी की पाच आर ७१ स्वीडनमधल्या मध्यस्थांमार्फत गुपचूप घेतल्या, मॉस्कोत खोलल्या आणि एकेका भागाचं रेखांकन केलं. १९४१ मध्ये उत्पादन सुरू झालं. जर्मन मॉस्कोच्या दिशेने यायला लागल्यावर अख्खा कारखाना रेल्वेने उरल पर्वतापलीकडे इर्बितला हलवला. तिथे सापडलेली मोठी पक्की इमारत होती दारूभट्टीची, बियर बनवायची. तिथे यंत्रं मांडली. फेब्रुवारी १९४२ मध्ये पहिल्या गाड्या आघाडीवर निघाल्या. त्या कडाक्यात, त्या घाईत! युद्ध संपेपर्यंत इर्बितने ९,७९९ गाड्या दिल्या.

सरहद्द_एक्सप्रेस

स्वीडनची गोष्ट मला गळी उतरत नाही. ऑगस्ट १९३९ पासून जून १९४१ पर्यंत जर्मनी आणि रशियाचा करार होता, व्यापार चालू होता, यंत्रसामग्रीची देवाणघेवाण चालू होती. उघड मिळत असताना चोरून कशाला आणतील?

मॉस्को_मेल

करार होता म्हणून फौजी वस्तूंचं सगळं काही हातावर ठेवत होते असं नाही. पण दोन्ही बाजूंचे अभ्यासक आहेत, तुम्ही एका बाजूला, मी दुसऱ्या. गाडी तीच!

खरी गंमत पुढे आहे. त्याच घराण्याची नक्कल अमेरिकेनेही केली. वाळवंटात हार्लेच्या साखळीत वाळू जायची, म्हणून फौजेने शाफ्टची गाडी मागितली. हार्लेने बीएमडब्ल्यूच्या धर्तीवर एक्सए काढली. आडवे सिलिंडर दोन्हीकडे वाऱ्यात असल्यामुळे ती थंडही राहायची. हजारेक बनल्या आणि जीपमुळे काम थांबलं. म्हणजे एकाच वेळी जर्मन, रशियन आणि अमेरिकन फौजांकडे सख्ख्या बहिणी. त्यात भर म्हणजे मदत म्हणून रशियाला गेलेल्या हार्ले डब्ल्यूएलएंना रशियनांनी एम ७२ च्या साइडकार जोडल्या.

१९५७ मध्ये एम ७२ चं तंत्र चीनला गेलं आणि चांगजियांग ७५० निघाली, तीही फौजेत आणि पोलिसात अनेक वर्षं.

वंगणवाला

थांबा थांबा, हे फार महत्त्वाचं आहे. आर ७५, जिच्यात सगळी बुद्धी ओतली, ती तीन-चार वर्षांत संपली. आणि आर ७१, साधी, जुन्या पद्धतीची, साइडकारचं चाक नुसतं फिरणारी, तिची वंशावळ तीन देशांत पसरली. म्हणजे सुधारणेमुळेच गाडी संपली असं म्हणायचं का?

पानाघाट_गॅरेज

तसंच म्हणायचं. फौजेत गाडी कोण दुरुस्त करतं ते बघा. शाळा सोडून आलेलं पोरगं, हातात तीन पाने, वर पाऊस. त्याला साइड व्हॉल्व्हचं इंजिन उघडता येतं. हेड काढलं की खाली काही नाही, व्हॉल्व्ह सगळे ब्लॉकात. पेट्रोल हलकं असलं तरी चालतं. माझ्या उस्तादांनी बीएसए एम २० वर काम शिकलं, तेही साइड व्हॉल्व्ह, महायुद्धातलंच. ते म्हणायचे, या इंजिनाला राग येत नाही.

ईएमईचा_पोरगा

एम २० चं नाव निघालं म्हणून लिहितो. माझे वडील फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते, आम्ही कॅन्टोन्मेंटमध्येच वाढलो. ब्रिटिश हिंदी सैन्यात बीएसए एम २०, नॉर्टन १६ एच या गाड्या होत्या, निरोप्यांकडे, मिलिटरी पोलिसांकडे. त्यातल्या कितीतरी युद्धानंतर लिलावात सिव्हिलमध्ये आल्या. वडील सांगायचे की वर्कशॉपात जीप आली की सगळे पुढे सरसावायचे आणि साइडकारची गाडी आली की कोणीतरी एक जुनाजाणता हवालदारच हात लावायचा. अलाइनमेंट त्यालाच जमायची. पोरांनी जोडली की गाडी एका बाजूला ओढायची आणि टायर महिन्यात गुळगुळीत.

माझ्या मते हेही एक कारण आहे आणि ते कोणी लिहीत नाही. जीप चालवायला कोणालाही लवकर शिकवता येतं. साइडकारचा चालक घडवावा लागतो. शनिवारपेठी ताईंनी वर लिहिलंय तेच, दुचाकी येणाऱ्याला ती उलट जास्त अवघड जाते.

रानवाट

जय-वीरूची साइडकारची गाडी पण बीएसए एम २० च ना? फौजी मॉडेल?

ईएमईचा_पोरगा

हो, डब्ल्यूएम २०. फौजेतून निवृत्त होऊन रामगढला गेली.

दिल्लीकर_देशपांडे

आणि दिल्लीच्या फटफटी! चांदणी चौकातून सुटायच्या. महायुद्धातल्या हार्ले आणि इंडियन गाड्यांचं पुढचं धूड, मागे बाकं ठोकलेला डबा, सरदारजी चालवणारे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणामुळे बंद झाल्या. मी लहानपणी बसलोय, कानठळ्या बसायच्या आणि उतरल्यावरही दात हलत राहायचे. पन्नास वर्षं रोज दामटूनही ती इंजिनं चालत होती. पानाघाटवाल्यांच्या उस्तादांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

अबोली_पणजी

हल्ली युक्रेनमधल्या बातम्यांत पुन्हा मोटरसायकली दिसतात. २०२४ पासून रशियन तुकड्या त्यांच्यावरून चाल करून जाताना दिसल्या आहेत. तो काळ परत येतोय का?

दफ्तरदार

वेगळ्या कारणाने येतोय. आता वर ड्रोन असतं. मोठी चिलखती गाडी लगेच दिसते आणि तिच्यावर हल्ला होतो, म्हणून लहान, चपळ, स्वस्त वाहन. पण जीवितहानी भयंकर आहे. १९४१ च्या चालकाला आडोसा नव्हता, आजच्यालाही नाही. पोरं तीच, विशीतली. ते बघून मला तरी या वाहनाचं पुनरागमन झालं म्हणून आनंद वाटत नाही.

मॉस्को_मेल

वंगणवाल्यांच्या प्रश्नाला एक शेवटचा धागा जोडतो. इर्बितची कंपनी अजून आहे, उरल नावाने. २०२२ मध्ये युद्धामुळे जुळणी कझाकस्तानातल्या पेत्रोपावलला हलवली. तिच्या आजच्या गाडीतही साइडकारच्या चाकाला ड्राइव्ह मिळतो. पण तो कसा? डिफरन्शियल नाही. खटका टाकला की दोन्ही चाकं एकत्र, खटका काढला की मागचं एकटं.

शंकासुर

म्हणजे नॉर्टन बिग फोरचीच पद्धत! ज्या खटक्याला सगळे गावठी म्हणत होते तोच टिकला.

पानाघाट_गॅरेज

मी वरच म्हटलं होतं की राव.

वंगणवाला

मग माझ्यापुरता निष्कर्ष असा. आर ७५ आणि केएस ७५० जिंकण्यासाठी बनल्या होत्या, दुरुस्त होण्यासाठी नाही. सरहद्द_एक्सप्रेस म्हणतात तशी त्यांनी मोटारीशी स्पर्धा ओढवून घेतली. आणि शंकासुर म्हणतात तशी साधी साइडकार मात्र साधीच राहिल्यामुळे तगली. दोघांचंही बरोबर आहे, आणि ईएमईच्या पोराने सांगितलेला हवालदारही त्यात धरायला हवा. तरी ते ७०-३० डिफरन्शियल ज्याने कागदावर पहिल्यांदा काढलं असेल, त्याच्या डोक्याला माझा सलाम कायम राहील.

सह्याद्री_३५०

उशिरा आलो, पूर्ण धागा वाचून काढला. माझ्याकडे बुलेट आहे आणि एक जुनी साइडकार मिळाली आहे. डावीकडेच लावणार. पानाघाटवाले, अलाइनमेंटचं काय धरू?

पानाघाट_गॅरेज

आधी आरटीओत विचारून आरसीवर नोंद करून घ्या, बदल म्हणून मंजुरी लागते. इन्शुरन्सवाल्यालाही सांगा.

मग गाडी सपाट फरशीवर घ्या, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, आणि नेहमी जेवढं वजन असणार तेवढं साइडकारमध्ये ठेवून मगच मोजा. दोन सरळ पट्ट्या घ्या, एक मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना टेकवून, एक साइडकारच्या चाकाला. पुढच्या टोकाला अंतर मागच्यापेक्षा १० ते २० मिमी कमी पाहिजे, हा टो-इन. मोटरसायकल साइडकारपासून लांब, बाहेरच्या अंगाला एक-दोन अंश कललेली पाहिजे. साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या थोडं पुढं. हे धरून चालवून बघा. डावीकडं ओढत असेल तर कल थोडा वाढवा, उजवीकडं ओढत असेल तर कमी करा. जोडणीचे चारही नट पहिल्या शे-दोनशे किमीनंतर परत आवळा, हमखास सैल होतात.

फ्रेमला क्लॅम्प कुठं येतोय त्याचा फोटो टाका, बघून सांगतो.